ठरावीक अक्षरं असलेले इंग्रजी शब्द शोधायचे कसे? (स्क्रॅबल, वर्डल, शब्दकोडी)

शब्दवेल्हाळ

नमस्कार मंडळी,

शाळेतल्या आठवी-नववीच्या स्क्रॅबल गटासाठी शब्दयाद्या तयार करायच्या आहेत. त्यातली बरीच मुलं रोज वर्डलही (पाच अक्षरी शब्द ओळखायचा खेळ) खेळतात, त्यामुळे त्यासाठीही उपयोग झाला तर उत्तम. अडतं ते असं:

१. एकाच अक्षरांना वेगवेगळी संकेतस्थळं वेगवेगळी उत्तरं देतात. क्यू, ए, आय दिलं तर एकीकडे दोन शब्द, दुसरीकडे भलीमोठी यादी. खरं कोणाचं मानायचं?

२. क्यू आहे पण यू नाही, हातात सगळे स्वरच आलेत, किंवा एकही स्वर नाही. अशा वेळी कामाला येणारे नेमके कोणते शब्द मुलांकडून करून घ्यावेत?

३. शाळेच्या संगणकावर नेट असेलच असं नाही. एक्सेलमध्ये काही जमेल का? साधा फिल्टर दोनच अटी घेतो.

एक विनंती: स्पेलिंग अक्षरांच्या नावांनी लिहा (क्यू-आय, झेड-ए असं). नुसता उच्चार देवनागरीत लिहिला की स्पेलिंगचा पत्ता लागत नाही.

---

आडवे_उभे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सगळ्यांचंच खरं असू शकतं, कारण प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय. तुमचंच उदाहरण घ्या. क्यू, ए, आय ही अक्षरं सलग, याच क्रमाने हवी असतील तर क्यू-ए-आय-डी, त्याचं अनेकवचन असे मोजकेच शब्द हाती लागतात. शब्दात कुठेही असली तरी चालत असेल, सोबत बाकी काहीही आलं तरी हरकत नसेल, तर क्वेल (क्यू-यू-ए-आय-एल), अक्वायर, अँटिक, इक्वेशन अशी रांगच लागते. आणि फक्त याच तीन अक्षरांतून शब्द बनवायचा असेल तर क्यू-आय आणि ए-आय, संपलं. स्क्रॅबलमध्ये हातातल्या टाइल्सवरून (अक्षरांच्या सोंगट्यांवरून) शोधताना हा तिसरा प्रश्न असतो, पण बहुतेक लोक "कंटेन्स" लिहिलेल्या रकान्यात अक्षरं टाकतात आणि पहिल्याचं किंवा दुसऱ्याचं उत्तर घेऊन येतात.

याखेरीज आणखी दोन प्रकार आहेत. एक, जागा ठरलेली असते: दुसरं अक्षर एल, चौथं जी. हे शब्दकोड्याचं आणि वर्डलमधल्या हिरव्या चौकोनांचं (अक्षरही बरोबर, जागाही बरोबर) काम. दुसरा, दिलेली सगळीच्या सगळी अक्षरं वापरायची, म्हणजे अ‍ॅनाग्रॅम.

प्रश्नचिन्हाचा घोळ तर हमखास होतो. हातातल्या अक्षरांच्या रकान्यात ? म्हणजे कोरी टाइल, ती कुठलंही अक्षर होऊ शकते आणि शब्दात कुठेही बसू शकते. जागेच्या, म्हणजे पॅटर्नच्या, रकान्यात ? म्हणजे त्याच जागेवरचं एक अज्ञात अक्षर. * म्हणजे शून्य किंवा कितीही अक्षरं. हे तीन अर्थ मुलांना पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून द्या, पुढची निम्मी डोकेदुखी वाचेल.

आता यादी कोणाची. भारतात, इंग्लंडमध्ये आणि अमेरिका-कॅनडा सोडून बहुतेक सगळीकडे स्पर्धांना कॉलिन्सची यादी चालते. अमेरिका-कॅनडात वेगळी, एनडब्ल्यूएल. कॉलिन्समध्ये दोन अक्षरी शब्द १२७ आहेत, अमेरिकन यादीत १०७. हे वरचे २० माहीत नसले की मुलं बरोबर शब्दाला चॅलेंज करून (चुकीचा म्हणून आक्षेप घेऊन) बसतात: सी-एच, डी-आय, ई-ए, ई-ई, एफ-वाय, जी-यू, आय-ओ, जे-ए, के-ओ, के-वाय, एन-वाय, ओ-बी, ओ-ओ, ओ-यू, एस-टी, यू-जी, यू-आर, वाय-यू, झेड-ई, झेड-ओ. संकेतस्थळावर यादी निवडायची सोय कुठे आहे ते आधी बघा. ती नसेल तर ते संकेतस्थळ स्पर्धेच्या तयारीसाठी वापरू नका. अनेक ठिकाणी आपोआप अमेरिकन यादीच लागलेली असते.

फुकट आणि मुक्त यादी हवी असेल तर एनेबल नावाची मिळते, पावणेदोन लाखांच्या जवळपास शब्द आहेत. पण ती जुनी आहे. क्यू-आय आणि झेड-ए हे अमेरिकन यादीत २००६ मध्ये आले, एनेबल त्याच्या आधीची, म्हणून तिच्यात हे दोन्ही नाहीत. म्हणजे स्क्रॅबलमधले सगळ्यात उपयोगी दोन शब्दच गायब! वापरा, पण दोन अक्षरी शब्द हाताने भरून घ्या. मॅकच्या पोटात जी शब्दयादी असते तिच्या वाटेला जाऊ नका. ती १९३४ च्या वेब्स्टरवरून घेतलेली आहे, तीत विशेषनामं आहेत आणि बहुतेक अनेकवचनं, भूतकाळाची रूपं नाहीत.

स्पर्धेसाठी सरळ कॉलिन्स झिझिव्हा हे ॲप घ्या. अ‍ॅनाग्रॅम, सबअ‍ॅनाग्रॅम (हातातल्या अक्षरांतून बनणारे सगळे छोटेमोठे शब्द) आणि पॅटर्न असे शोधाचे प्रकार त्यात वेगवेगळे दिलेले आहेत, त्यामुळे वर सांगितलेली गफलत होत नाही. आणि ते नेटशिवाय चालतं.

---

सात_टाइल्स

आडवे_उभे यांच्याशी सहमत. दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

क्यू आहे, यू नाही. ही यादी आपल्याकडच्या मुलांना फार लवकर पाठ होते, कारण निम्मे शब्द ओळखीचेच आहेत: फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर), बुरखा (बी-यू-आर-क्यू-ए), नकाब (एन-आय-क्यू-ए-बी), तलाक (टी-ए-एल-ए-क्यू), वक्फ (डब्ल्यू-ए-क्यू-एफ), किबला (क्यू-आय-बी-एल-ए), कव्वाली (क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय). मात्र मुलं के लावून लिहितात, म्हणून क्यूचं स्पेलिंग घटवून घ्या. उरलेले: क्यू-आय, क्यू-ए-टी, क्यू-ओ-पी-एच, क्यू-ए-एन-ए-टी, टी-आर-ए-एन-क्यू, सी-आय-एन-क्यू. क्यू-ए-डी-आय आणि क्यू-ए-आय-डी ही जोडी एकाच चार अक्षरांची, दोन्ही चालतात, म्हणजे पटावर बसवायला दोन संधी.

इथे शोधताना एक बारीक फरक आहे. "यू नसलेले" अशी अट घातली तर बी-यू-आर-क्यू-ए आणि एस-यू-क्यू दोन्ही गळून पडतात, कारण त्यांत यू आहे, फक्त तो क्यूच्या मागून येत नाही. पाठांतराची यादी करताना अट "क्यू-यू सलग नसलेले" अशी घाला. प्रत्यक्ष खेळताना हातात यू नसेल तर अर्थात पहिलीच अट बरोबर.

क्यू एवढा मनावर का घ्यायचा? शेवटी तो हातात अडकला तर तुमच्या गुणांतून १० वजा आणि आधी संपवणाऱ्याला १० जास्त, म्हणजे २० चा फटका. आणि उलट बाजूने, क्यू तिप्पट-अक्षराच्या घरात पडून आडवं-उभं दोन्हीकडे क्यू-आय झालं तर (३० + १) दुणे ६२. दोन टाइल्सची खेळी आहे ही, पटावर एक आय योग्य जागी असला की झालं. क्यू बदलून घ्यायचा विचार असेल तर पिशवीत किमान ७ टाइल्स असतानाच करता येतो, त्यानंतर दार बंद.

स्वरच स्वर. ९८ अक्षरी टाइल्सपैकी ४२ स्वर आहेत (ई १२, ए ९, आय ९, ओ ८, यू ४), त्यामुळे असा हात येणारच. ए-ए, ए-ई, ए-आय, ओ-ई, ओ-आय हे दोन्ही याद्यांत आहेत. मोठ्यांत: ए-डी-आय-ई-यू, ए-यू-डी-आय-ओ, एम-आय-ए-ओ-यू, ए-ए-एल-आय-आय, ए-यू-आर-ई-आय, एल-ओ-यू-आय-ई. कॉलिन्स असेल तर नुसत्या स्वरांचे ए-यू-ई, ई-यू-ओ-आय आणि सहा अक्षरी ई-यू-ओ-यू-ए-ई हेही आहेत. शेवटचा क्वचितच जमेल, पण मुलांना असले शब्द आवडतात.

एकही स्वर नाही. एच-एम, एम-एम, एस-एच. कॉलिन्समध्ये एस-टी आणि सी-एच. तीन अक्षरी: टी-एस-के, पी-एस-टी, एन-टी-एच, बी-आर-आर, सी-डब्ल्यू-एम. पाच अक्षरी: सी-आर-डब्ल्यू-टी-एच. झेड-झेड-झेड मान्य आहे, पण संचात झेड एकच, म्हणजे दोन्ही कोऱ्या टाइल्स त्यात घालाव्या लागतील. असला उधळेपणा कोणी करू नये. एन-टी-एचला एस लागत नाही, सी-डब्ल्यू-एमला लागतो.

आणि ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही तो व्ही: व्हीचा दोन अक्षरी शब्द एकही नाही, कुठल्याच यादीत नाही. म्हणून व्हीला लागून समांतर शब्द बसवता येत नाही. पुढे असाल आणि पट बंद करायचा असेल तेव्हा याचा फायदा, मागे असाल तेव्हा तोटा.

---

चौकट_राजा

+१. थोडी भर. आपल्याकडून गेलेल्या शब्दांची स्पेलिंगं बऱ्याचदा दोन-दोन तीन-तीन मान्य असतात. साडी एस-ए-आर-आय आणि एस-ए-आर-ई-ई, बंद बी-ए-एन-डी-एच आणि बी-यू-एन-डी-एच, डाळ डी-ए-एल, डी-एच-ए-एल आणि डी-ए-एच-एल. ई जास्त झाले तर लांब साडी, नाहीतर आखूड. एल-ए-के-एच, सी-आर-ओ-आर-ई, जी-एच-ई-आर-ए-ओ, के-एच-ए-डी-आय, एस-डब्ल्यू-ए-आर-ए-जे हेही चालतात. डी-एच, के-एच, जी-एच या जोड्या बघायची सवय लागली की एच हातात नकोसा वाटत नाही.

---

कोडेकर

एक्सेलबद्दल. साधा फिल्टर विसरा, अ‍ॅडव्हान्स्ड फिल्टर वापरा. तो हव्या तेवढ्या अटी घेतो. (खाली चिन्हं आणि अक्षरं कळावीत म्हणून देवनागरीत लिहितोय, शीटमध्ये सगळं रोमनमध्येच टाका.)

यादीची फाइल डेटा टॅबमधून "टेक्स्ट/सीएसव्ही" मार्गे आत घ्या आणि रकान्याचा प्रकार टेक्स्ट ठेवा. नुसती पेस्ट केलीत तर ट्रू आणि फॉल्स हे दोन शब्द एक्सेल तार्किक किंमती समजतो आणि मग ते कुठल्याच नमुन्यात सापडत नाहीत. ए१ मध्ये शीर्षक द्या: शब्द. एकूण ओळींची चिंता नको, एक्सेल दहा लाखांहून जास्त ओळी घेतो.

आता बाजूला, समजा ई१, एफ१, जी१ या तिन्ही घरांत तेच शीर्षक लिहा: शब्द, शब्द, शब्द. अक्षर न् अक्षर तेच हवं, मागे एखादी मोकळी जागा राहिली तरी चालत नाही. त्याखाली दुसऱ्या ओळीत एकेक अट:

*क्यू*
*ए*
<>*क्यू यू* (मधली जागा न सोडता; <> म्हणजे "असा नसलेला")

एकाच ओळीतल्या अटी "आणि"ने जोडल्या जातात, खालच्या ओळीत लिहिलेल्या "किंवा"ने. मग डेटा टॅब, अ‍ॅडव्हान्स्ड, यादीचा पल्ला, अटींचा पल्ला, आणि "कॉपी टू अनदर लोकेशन". अटींच्या पल्ल्यात चुकून एखादी रिकामी ओळ धरलीत तर सगळीच्या सगळी यादी परत येते. रिकामी ओळ म्हणजे "किंवा काहीही".

दोन ई हवे असतील तर *ई* ही अट दोनदा लिहून उपयोग नाही, दोन्ही अटी त्याच एका ई वर पुऱ्या होतात. *ई*ई* असं एकत्र लिहा. नेमका एकच ई हवा असेल तर *ई* आणि <>*ई*ई* या दोन अटी.

---

शब्दवेल्हाळ

सगळ्यांचे आभार, याद्या भराभर होतायत. कोडेकर, क्यूचं काम झालं. पण पाच अक्षरी शब्दांसाठी अट म्हणून पाच प्रश्नचिन्हं टाकली तर सहा-सात-आठ अक्षरीही येतात. आणि दुसऱ्या एका यादीवर लेन वापरून लांबी मोजली तर पाच अक्षरी शब्दांची लांबी ६ दाखवतोय.

---

कोडेकर

दोन्ही वेगवेगळी दुखणी आहेत.

अ‍ॅडव्हान्स्ड फिल्टर अटीतल्या मजकुराचा अर्थ "असा सुरू होणारा" असा घेतो. पाच प्रश्नचिन्हांनी सुरू होणारा म्हणजे पाच किंवा जास्त अक्षरांचा कुठलाही शब्द. तंतोतंत जुळणी हवी तर घरात हे लिहा:

="=?????"

घरात =????? असं दिसेल, ते बरोबर. जागा ठरलेले नमुनेही असेच लिहायचे. दोन्ही टोकांना * असलेल्या अटींना याची गरज नाही, कारण तिथे "असा सुरू होणारा" आणि "असलेला" यांत फरकच उरत नाही.

लांबी ६ येते कारण प्रत्येक शब्दाच्या शेवटी ओळ संपल्याचं एक अदृश्य चिन्ह राहिलंय. ट्रिमने ते जात नाही, ट्रिम फक्त मोकळ्या जागा काढतो. शेजारच्या रकान्यात क्लीन लावा आणि परिणाम "व्हॅल्यूज" म्हणून परत पेस्ट करा.

आता खरी गंमत. नवं एक्सेल (३६५) असेल तर बी रकान्यात प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमाने लावून ठेवा:

=कॉन्कॅट(सॉर्ट(मिड(ए२,सिक्वेन्स(लेन(ए२)),१)))

सिक्वेन्स १ पासून शब्दाच्या लांबीपर्यंत आकडे देतो, मिड त्या-त्या जागेचं अक्षर उचलतो, सॉर्ट लावतो, कॉन्कॅट जोडतो. याला अल्फाग्रॅम म्हणतात. रिटेन्सचा अल्फाग्रॅम ए-ई-आय-एन-आर-एस-टी. नॅस्टिअर, स्टेनर, रेट्सिना, स्टिअरिन यांचाही तोच. म्हणजे एका ओळीच्या शोधात सगळे अ‍ॅनाग्रॅम.

आणि कोरी टाइल असेल तर? हातात एस-ए-टी-आय-एन-ई आणि एक कोरी आहे. ही सहा अक्षरं वर्णक्रमाने लावा, मध्ये, आधी आणि शेवटी तारे घाला, *ए*ई*आय*एन*एस*टी*, आणि बी रकान्यात शोधा, सोबत ए रकान्यावर लांबी ७ ची अट. सातवं अक्षर कुठलंही असलं तरी ते या क्रमात कुठे ना कुठे बसतंच, म्हणून एकही शब्द सुटत नाही. डी असेल तर इन्स्टेड आणि डिटेन्स, जी असेल तर सीटिंग आणि टीझिंग, के असेल तर इनटेक्स, एम असेल तर इनमेट्स. "ही अक्षरं कुठेही, कुठल्याही क्रमाने, दुहेरी असतील तर दोनदा मोजून" या प्रश्नाला यापेक्षा सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

एकच पथ्य: हे सूत्र पूर्ण यादीवर जिवंत ठेवू नका, फाइल रांगायला लागेल. आधी ७ आणि ८ अक्षरी शब्द वेगळ्या शीटवर घ्या (कॉलिन्समध्ये ७ अक्षरीच ३४ हजारांच्या वर आहेत), सूत्र लावा, आणि लगेच व्हॅल्यूज करून टाका.

गूगल शीट्समध्ये अ‍ॅडव्हान्स्ड फिल्टर नाही. तिथे फिल्टर हे सूत्र आणि रेजेक्समॅच वापरावं लागतं. चिन्हंही बदलतात: एका अक्षरासाठी टिंब, सुरुवातीला ^, शेवटी $.

---

पिवळा_चौकोन

वर्डलसाठी कॉलिन्सची अख्खी पाच अक्षरी यादी (सुमारे १३ हजार) वापरू नका. वर्डल अंदाज म्हणून जवळजवळ तेवढे शब्द स्वीकारतं, पण उत्तरं त्यातल्या ओळखीच्या शब्दांतूनच येतात. मूळ उत्तरांची यादी २,३०० च्या आसपास होती आणि तीत नुसता एस लावून केलेली अनेकवचनं नव्हती. न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०२२ मध्ये खेळ विकत घेतला, त्यानंतर यादीत फेरफार होत असतात, पण धोरण साधारण तेच. स्पेलिंग मात्र अमेरिकन. फेब्रुवारी २०२२ मध्ये एच-यू-एम-ओ-आर हे उत्तर आलं तेव्हा दुसरा यू शोधणाऱ्यांनी बराच आरडाओरडा केला होता. आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकामुळे ब्रिटिश स्पेलिंगची सवय असते, हे आधीच सांगून ठेवा.

राखाडी अक्षरांचा एक सापळा आहे (पिवळं म्हणजे अक्षर आहे पण जागा चुकली, राखाडी म्हणजे एरवी अक्षरच नाही). उत्तर ए-बी-आय-डी-ई आहे आणि तुम्ही एस-पी-ई-ई-डी टाकलंत. पहिला ई पिवळा होतो, दुसरा राखाडी, डी पिवळा. इथे बहुतेक लोक "ई राखाडी" म्हणून ई नसलेले शब्द शोधतात आणि उत्तरच यादीतून उडवतात. त्या राखाडीचा अर्थ "ई एकच आहे" एवढाच. कोडेकरांच्या भाषेत: *ई* आणि <>*ई*ई*. शिवाय तिसऱ्या आणि चौथ्या जागी ई नाही, म्हणून <>??ई?? आणि <>???ई?. डीसाठी *डी* आणि <>????डी. एस आणि पी साठी <>*एस* आणि <>*पी*.

दुसरा सापळा: चार अक्षरं हिरवी, पहिलं तेवढं राहिलंय. ?-ए-टी-सी-एच. बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच, सात शब्द, आणि प्रयत्न उरलेत तीन. एकेक करून बघण्यापेक्षा सी-एल-ए-एम-पी टाका. एल पिवळा झाला तर लॅच, एम पिवळा तर मॅच, पी पिवळा तर पॅच. सी चौथ्या जागी आहेच, त्यामुळे तो पिवळा होणारच, पण हिरवा झाला तर उत्तर कॅच. एका खेळीत चार शब्दांचा निकाल. यांतलं काहीच झालं नाही तर बॅच, हॅच, वॉच हे तीन उरतात आणि हातात दोन प्रयत्न. एखाद्या वेळी हुकेल, पण आधीच्यापेक्षा बरंच बरं. हार्ड मोडमध्ये ही चाल करता येत नाही, हिरवी अक्षरं जागेवर ठेवावीच लागतात. म्हणून हार्ड मोड खेळणाऱ्यांनी अशा कुटुंबात शिरायच्या आधीच थोडं थांबून पहिली अक्षरं चाचपलेली बरी. आय-जी-एच-टीचं कुटुंब तर याहून मोठं आहे.

---

आडवे_उभे

शब्दकोड्यांचा विषय राहिला. तिथे जागाही ठरलेली असते आणि अर्थही. वनलुक या शब्द शोधायच्या संकेतस्थळावर नमुना आणि अर्थ एकत्र देता येतो, मध्ये कोलन टाकून: ? एल ? जी ? एन टी असा नमुना (जागा न सोडता), मग कोलन, मग ग्रेसफुल. एलिगंट समोर येतं. तिथे @ म्हणजे कुठलाही स्वर, # म्हणजे कुठलंही व्यंजन, आणि अक्षरांच्या गटाआधी // दिलं की अ‍ॅनाग्रॅम. फक्त वनलुकमध्ये विशेषनामं, जोडशब्द, वाक्प्रचार सगळं येतं. शब्दकोड्याला ते हवंच असतं, स्क्रॅबलला अजिबात नको.

---

चौकट_राजा

एक मूलभूत शंका. अर्थ न कळता नुसते शब्द घोकून घेणं मुलांच्या कितपत कामाचं? न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले, २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही जिंकले, हे मान्य. पण ते रिचर्ड्स आहेत.

---

सात_टाइल्स

खेळापुरता अर्थ लागत नाही, पण शब्दाची जात लागते. नाम असेल तर एस लागेल, क्रियापद असेल तर ई-डी, आय-एन-जी. ही माहिती नसेल तर हूक (शब्दाच्या मागे-पुढे एक अक्षर जोडून नवा शब्द करणं) चुकतात, आणि चुकीचा हूक म्हणजे चॅलेंजमध्ये खेळी वाया. म्हणून यादीत शब्दापुढे तीन छोटे रकाने ठेवा: जात, पुढे काय लागतं, मागे काय लागतं. अर्थ एका शब्दात लिहिला तरी पुरे: सी-डब्ल्यू-एम दरी, सी-आर-डब्ल्यू-टी-एच तंतुवाद्य.

क्रम असा घ्या: आधी १२७ दोन अक्षरी, सगळे, अपवाद न करता. मग क्यूचे. मग तीन अक्षरी, पण साधारण १,३०० आहेत म्हणून एकदम नाही. दोन अक्षरीच्या मागे किंवा पुढे एक अक्षर लावून होणारे आधी, कारण ते हूक म्हणून पटावर रोज दिसतात. त्यानंतर जे, एक्स, झेड असलेले चार अक्षरी. सात अक्षरींकडे, ५० गुणांच्या बोनसच्या मोहाने, मुलं पहिल्याच आठवड्यात धावतात. दोन अक्षरी पक्के नसतील तर सात अक्षरी शब्द हातात असूनही पटावर बसवायला जागा सापडत नाही.

आणि गटातलं कोणी फोनवर वर्ड्स विथ फ्रेंड्स खेळत असेल तर त्याच्या सवयी तपासा. तिथे शब्दयादी वेगळी, अक्षरांचे गुण वेगळे, आणि सगळ्या टाइल्स वापरल्याचा बोनस ५० नाही, ३५.